बाबांची तपश्चर्या

वातुसारी, १२ जुलै १९९३

वेनिंग,

हे सहावं पत्र. आधीची पाच तुला मिळाली नाहीत, असं मी समजत नाही. तुमच्या वसतिगृहाची मालकीण दुसऱ्यांची पत्रं वाचते, पण फेकत नाही. म्हणजे तू ती घेतेस, वाचतेस आणि ठेवून देतेस. ठेव.

कॉलेज सोडून सात आठवडे झाले. मला जेवण जात नाही, झोप येत नाही, परवा आरशात पाहिलं तर गालफडं बसलेली. तुमच्या डॉक्टरकीच्या पुस्तकांत याला काहीतरी नाव असेलच. असलं तर कळव. कपाळावर लिहून गावभर फिरेन, खाली तुझंही नाव घालेन.

घरी आलो तो मार खायच्या तयारीनं. पाच सत्रं शिकवलेला मुलगा एक दिवस वळकटी घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा जावा बेटावरचाच काय, जगातला कुठलाही बाप ओरडेल. बाबा ओसरीवर कामाला बसले होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." मग बऱ्याच वेळानं, "जेवलास?" बस्स. तीन तास बसमध्ये मी भांडणाची वाक्यं पाठ करत आलो होतो, ती सगळी तोंडात तशीच राहिली.

आईनं मला आत ओढलं. "हळू बोल, ले. बाबांचं तिराकात चाललंय." आई अजून मला 'ले' म्हणते, नाक पुसता न येणाऱ्या पोराला म्हणावं तसं.

तुला आमच्या घरची रीत मी सांगितली होती. चामड्याची बाहुली कोरताना मुकुट, दागिने, हातांची बोटं सगळं आधी करायचं, चेहरा शेवटी. आणि चेहऱ्याला छिन्नी लावायच्या आधी कमी खायचं, कमी झोपायचं, कमी बोलायचं. तेच तिराकात. एरवी तीन दिवस पुरतात. या वेळी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या सूत्रधार मार्सुदींनी राजाची मोठी बाहुली सांगितलीय, आणि बाबांना चार महिने झाले. चेहरा अजून कोराच. पण मार्सुदी तक्रार करत नाहीत. ते येतात, लांबूनच हात जोडतात आणि पाय न वाजवता परत जातात. आळीतल्या बायका तापातली पोरं घेऊन येतात, बाबांनी टाळूवर फुंकर घालावी म्हणून. म्हातारे म्बाह दिर्जो, ज्यांच्या शब्दाबाहेर इथं कोंबडंसुद्धा आरवत नाही, ते तर बाबांबद्दल म्हणाले, "कार्सोनो आतून रिकामा होत चाललाय. असं भाग्य लाखात एकाला."

आणि मी त्या साधूचा नालायक मुलगा. चहाच्या टपरीवर मला बघून लोक गप्प होतात.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

जात्मिको


वातुसारी, ३ ऑगस्ट

वेनिंग,

तुझं पत्र आलं! पोस्टमनच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. तो म्हणाला, "अहो, सरकारी काम आहे, फाटेल!"

मग उघडलं. सात ओळी. माझ्या अकरा पानांवर एक शब्द नाही. 'तुझे वडील पहाटे किती वाजता उठतात? परत झोपतात का? दिवसातल्या कुठल्या वेळी जास्त वाईट असतात? वजन किती उतरलं? हे तिराकात त्यांनी स्वतः सांगून सुरू केलं, की लोकांनी नाव दिलं?' खाली सही. 'तुझी' वगैरे काही नाही.

मी ते पत्र चुरगळून अंगणात फेकलं. मग कोंबडी त्याच्याकडे निघाली, म्हणून धावत जाऊन उचललं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तीन ताटं भात जेवलो. आई बघतच राहिली.

घे तुझी उत्तरं. उठतात तीनला. मला माहीत आहे, कारण मी ओसरीच्या भिंतीपलीकडेच झोपतो. परत झोपत नाहीत. बाकाच्या कडेला बसतात, दोन्ही हात मांड्यांवर, आणि उजाडेपर्यंत तसेच. जप वगैरे काही नाही. मी ओठ बघितले, हलत नाहीत. सकाळ सगळ्यात वाईट. आठ वाजता त्यांना सदऱ्याची गुंडी लावायला किती वेळ लागतो ते बघवत नाही. दुपारनंतर जरा सैल होतात. सूर्यास्ताची नमाज झाली की लोक येतात, तेव्हा बाबा दोन वाक्यं बोलतात, पाहुण्यांना चहा घ्या म्हणतात. गाव बाबांना फक्त संध्याकाळीच बघतं.

वजन माहीत नाही. पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडलीत.

आणि तिराकात कुणी सुरू केलं, हे मी आईला विचारलं. ती चुलीपाशी होती. "म्हणजे काय? दिसतंय की."

"त्यांनी स्वतः सांगितलं का तुला?"

"असल्या गोष्टी माणूस सांगतो होय? सांगितलं तर पुण्य जातं." मग लाकूड पुढे सारत, "म्बाह दिर्जोंनी ओळखलं."

आता माझ्याबद्दल. मीही तीनला जागा असतो. मीही उदास आहे. माझी तपासणी कोण करणार?

जात्मिको


वातुसारी, २२ ऑगस्ट

वेनिंग,

'तू तीन ताटं भात जेवलास. म्हणजे तुला तो आजार नाही.' एवढ्या थंडपणे कुणी कुणाला नाकारलं नसेल. पुढचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझं दुःख एका पत्रानं हलतं, पण बाबांचं कशानं हलतं का ते बघ, असं तू लिहिलंस. त्यांना सगळ्यात आवडणारी गोष्ट समोर ठेव आणि तोंडाकडे नको, डोळ्यांकडे बघ.

मी ताईला बोलावून घेतलं. तिला जूनमध्ये मुलगी झाली, घरातली पहिली नात. ताईचं लग्न झाल्यापासून बाबा या एका गोष्टीसाठी देवाच्या मागे लागले होते, शेजाऱ्यांकडून पाळण्याचं लाकूडसुद्धा आधीच आणून ठेवलं होतं. ताईनं मूल त्यांच्या मांडीवर दिलं. बाबांनी ते नीट धरलं, अगदी काळजीपूर्वक. कुणीतरी सांभाळायला दिलेलं गाठोडं धरावं तसं. मूल हसलं. मी डोळ्यांकडे बघत होतो. वेनिंग, तिथं कुणी नव्हतं.

"छान आहे," ते म्हणाले. आणि मग ताईला, "मला काहीच होत नाही गं. दगड झालोय. माझ्याजवळ जास्त ठेवू नकोस तिला."

ताई आत जाऊन रडली. आई तिला म्हणाली, "अगं, मोह सुटतोय त्यांचा. चांगलं लक्षण आहे." पण हे म्हणताना तिच्या हातातलं भांडं दोनदा निसटलं.

हातांचं विचारलं होतंस. त्यांच्या मोगरीचा आवाज म्हणजे आमच्या घरचं घड्याळ. लहानपणी मी त्या ठोक्यांवर पाढे म्हणायचो, श्वास पुरायचा नाही. आता एक ठोका पडतो आणि दुसऱ्याची वाट बघत मी वीसपर्यंत मोजतो. हातात छिन्नी असते, जागा खुणावलेली असते, आणि माणूस मध्येच थांबलेला असतो.

आणखी एक. रोज पहाटे ते आईची क्षमा मागतात. बावीस वर्षांपूर्वी घाईत असताना त्यांनी एका सूत्रधाराला नीट न वाळलेल्या चामड्याची बाहुली दिली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात वाकली. त्यांनी तेव्हाच दुसरी करून दिली. तो सूत्रधार केव्हाच वारला, त्याच्या पोरांना हे आठवतही नसेल. पण बाबा म्हणतात, त्या पापानं ताईला इतकी वर्षं मूल झालं नाही, त्या पापानं माझं कॉलेज सुटलं. मी म्हटलं, "बाबा, कॉलेज माझ्या डोक्यामुळे सुटलं." ते माझ्याकडे दयेनं बघत राहिले. मला अजून काही कळत नाही, असं.

तू लिहिलंयस की त्यांना लगेच डॉक्टरला दाखव, आणि सकाळी दाखव. दाखवतो.

तुझी पत्रं आता दर आठवड्याला येतात. उशीखाली चार झाली.

जात्मिको


वातुसारी, ५ सप्टेंबर

वेनिंग,

तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. सकाळची बस चुकली, त्यामुळे पोचायला चार वाजले. डॉक्टर तरुण होता, भला होता. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी डॉक्टरला बसा म्हटलं, त्याच्याच खोलीत! मग मंद हसून म्हणाले, "मी बरा आहे, डॉक्टरसाहेब. वयाचं आहे. मुलगा उगाच काळजी करतो." डॉक्टरनं नाडी बघितली, रक्तदाब बघितला, बाहुल्यांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. निघताना बाबांच्या पाया पडला. मी काय करू? म्हणालो मी, "हे सकाळी असे नसतात." तो म्हणाला, "सकाळी मीसुद्धा असा नसतो." सगळे हसले, बाबासुद्धा. ते हसू कसं होतं ते सांगता येत नाही.

गावात परतलो तर बातमी आधीच पोचलेली. म्बाह दिर्जो आमच्या ओसरीवर पंधरावीस माणसं घेऊन बसले होते, भाताचं ताट मधे, प्रार्थना झालेली. मला म्हणाले, "बाळ, भरल्या घागरीला धक्का देऊ नये. तिराकात मोडलं की ते घरावर उलटतं."

मी शांत राहायला हवं होतं. तुला माझा शांतपणा माहीत आहे. मी सगळ्यांसमोर उभ्यानं म्हणालो, "ते रिकामे होत नाहीयेत, म्बाह. मरतायत. आणि तुम्ही भोवती बसून भात खाताय."

एकेक जण केळीच्या पानात आपला भात बांधून निघून गेला. आपल्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आई दारात उभी होती. "पाच महिने," ती म्हणाली, "पाच महिने या गावात माझा नवरा साधू होता. तू एका वाक्यात त्याला वेडा केलास. आता माझ्याकडे कोण बघणार, सांग?"

तिनं दोन दिवस मला वाढलं नाही.

जात्मिको


वातुसारी, ११ सप्टेंबर

वेनिंग,

तुझं रागाचं पत्र मिळालं. 'मी सकाळ म्हटलं होतं.' खाली दोन रेघा.

बस चुकली नव्हती. हे लिहायला मला तीन दिवस लागले. पहाटे साडेचारची बस आली तेव्हा मी फाट्यावर बाबांच्या शेजारी उभा होतो. तिला हात केला नाही. बाबांना सांगितलं, पुढच्या बसनं जाऊ. मग त्यांना टपरीवर बसवून दुपार करून टाकली. ते बसले. त्यांना काय, कुठंही बसवा.

का, ते तुला कळलं असेल. माझ्याबद्दल लिहिलेल्या पाच पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. बाबांबद्दल लिहिलं, की आठ दिवसांत उत्तर. मी त्यांच्याकडे बघायला लागलो ते त्यांच्यासाठी नाही. भिंतीला कान लावून पहाटे तीनला ते उठतात का ते ऐकायचो आणि उठले की मला बरं वाटायचं, कारण लिहायला काहीतरी मिळालं. आजार कळला असता, औषध सुरू झालं असतं, तर तू परत गप्प झाली असतीस. तुझ्याशी हसून बोलला म्हणून दानांगचा दात मी पाडला तेव्हा तू म्हणाली होतीस, 'तुला मी नको आहे, तुला फक्त जिंकायचंय.' तेव्हा मला तू दुष्ट वाटली होतीस.

यावर काही लिहू नकोस. पुढचं वाच.

काल कळलं की बाबा आपल्या छिन्न्या वाटून टाकतायत. तीस छिन्न्या आहेत, प्रत्येकीला नाव आहे, आजोबांच्या हातच्या. एक मार्सुदींच्या मुलाला, दोन शेजारच्या कारागिराला. लोक त्या कपाळाला लावून घरी नेतात. मी डबा उघडला तर नऊच उरल्या होत्या. तुझ्या पत्रात ती ओळ होती: माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला तर त्याला सरळ विचार, आडवळणानं नको, विचारल्यानं काही वाढत नाही.

सरळ विचार! वेनिंग, तू याच मातीतली. बापासमोर आपण खाली चटईवर बसतो, नजर गुडघ्यांवर ठेवतो, मीठ मागायचं तरी तीन वळणं घेतो. मी आज पहाटे बाहेर गेलो आणि बाकावर बसलो. त्यांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर, खांद्याला खांदा. जन्मात पहिल्यांदा. ते सरकले नाहीत, रागावले नाहीत.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला मरावंसं वाटतं का?"

कोंबडं आरवलं, परत आरवलं. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही.

"हो," ते म्हणाले. "रोज या वेळी. दुपारी जरा कमी." आवाज असा, की कुणी बाजारभाव विचारलाय. "जागाही बघून ठेवलीय. पण तिथवर चालत जाण्याइतकं बळ गोळा होत नाही."

मग माझं नाव लहानपणीसारखं तोडून म्हणाले, "हे तिराकात नाही रे, जात. मी कुणालाच तसं म्हटलं नव्हतं. ते सगळे इतक्या आदरानं येतात. नाही म्हणायची मला लाज वाटली."

आई दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता रडेल. ती आत गेली, पिशवीत बाबांचे दोन सदरे आणि लुंगी भरून बाहेर आली आणि मला म्हणाली, "साडेचारची गाडी किती वाजता येते?"

"साडेचारला, आई."

"मग बसलास काय?"

तर आम्ही तुमच्या इस्पितळात यायला निघालोय. हे शेवटचं फाट्यावर लिहितोय, बसच्या आधी सुटणाऱ्या भाजीच्या ट्रकवाल्याजवळ देईन, तो उजाडताच तुमच्या वसतिगृहावर टाकेल. बाबांचा हात माझ्या हातात आहे. या वेळी बस सोडणार नाही.

जात्मिको


जोग्जा, इस्पितळ, १४ सप्टेंबर

वेनिंग,

तू शनिवारी फाटकावर उभी होतीस आणि मला धड आभारही मानता आले नाहीत. पांढऱ्या कोटात तू परकी वाटलीस. तू आधी बाबांना वाकून नमस्कार केलास, मग आईला, आणि मला फक्त म्हणालीस, "आठच्या आत आलात. चांगलं झालं." ते बरोबरच होतं.

तुला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी बाबांना घाई केली नाही, हे मी विसरणार नाही. प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. एकेका उत्तराला एवढा वेळ, की बाहेर दोन गाड्या येऊन जात. "उद्या सकाळी एखादी आनंदाची बातमी आली तर थोडा वेळ तरी बरं वाटेल का?" बाबा खूप वेळ विचार करून म्हणाले, "बातमी कळेल." "आणि हे दुःख तुमची आई गेली तेव्हाच्या दुःखासारखं आहे का?" "नाही. तेव्हा मी दुःखात होतो. आता मी कुठंच नाही." मॅडमनी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

मग आईला आणि मला सांगितलं. पहाटेची जाग, सकाळचा भार, संध्याकाळी थोडं हलकं होणं, उतरलेलं वजन, संथ झालेले हात, नसत्या पापाचा ध्यास, आणि कशानंही न उमलणारं मन. यातलं एकेक सुटं बघितलं तर काहीही वाटेल, म्हणाल्या, पण सगळं मिळून याचा चेहरा ठरलेला असतो. खोल जातीचा विषण्णतेचा आजार. आईनं विचारलं, "म्हणजे वेड?" "नाही." "मग आमचं काही चुकलं?" "तुम्ही त्यांना मान दिलात. मान देणं चूक नाही. पण औषध वेगळं आहे."

आई त्यावर पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "म्बाह दिर्जोंना मी सांगेन. तू तोंड उघडू नकोस."

तुझ्याबद्दलही एक लिहितो आणि हा विषय संपवतो. तुला जिन्यात कुणीतरी हाक मारली आणि तू वळून हसलीस. माझ्याशी तू तशी कधी हसली नव्हतीस. मला राग आला नाही. फार दमलो होतो म्हणून असेल.

जात्मिको


जोग्जा, इस्पितळ, ६ ऑक्टोबर

वेनिंग,

तुझी नेमणूक दुसऱ्या गावी झाली असं वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं. पत्ता तिनंच दिला. उत्तर नको. तुला कळावं, म्हणून लिहितो.

औषधाला तीन आठवडे झाले. पहिले दोन आठवडे काहीच नाही, फक्त हात थरथरायचे आणि तोंड कोरडं. मला वाटलं हेही शक्तीच्या गोळ्यांसारखंच. मॅडम म्हणाल्या, आता उलट जास्त जपा. मन उचलायच्या आधी अंगात बळ येतं, आणि ते दिवस वाईट असतात. त्यांना एकटं सोडू नका, न्हाणीच्या दारालासुद्धा कडी नको. म्हणून मी दिवसा खुर्चीत आणि आई रात्री चटईवर. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रोज विचारतो, "काय, पहारेकरी, आज पगार झाला का?"

मी कधी इतका दमलो नव्हतो. प्रेमात तर नाहीच. अंघोळ घालतो, मोजून चार घास भरवतो, गुंड्या लावतो. यात कुणी मला बघत नाही, आणि लिहिण्यासारखंही काही घडत नाही. काल तर त्यांच्यावर ओरडलो, "गिळा ना, बाबा!" आणि मग संडासात जाऊन तोंड धुऊन आलो.

आज पहाटे आईला ताप होता, म्हणून मी थांबलो. पाच वाजले असतील. बाबा जागे होते, छताकडे बघत. मी नेहमीसारखं विचारलं, कसं वाटतंय. मी खुर्चीतच पेंगायला लागलो.

"जात."

"हं."

"तोंड फार कोरडं पडतं या गोळ्यांनी."

"पाणी देऊ?"

"पाणी नको." मग बराच वेळ काही नाही. पण या वेळी ते कुठं हरवले नव्हते, शोधत होते. कपाळाला आठी पडली होती. "उद्या येताना अंबाडे आण. कच्चे. मीठ-मिरची लावून. पिकलेले आणशील तर फेकून देईन."

मी म्हटलं, "उद्या कशाला, आत्ता आणतो."

"आत्ता बाजार उघडला नसेल, मूर्खा," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

सहाला उघडतो. मी बाजाराच्या फाटकापाशी उभं राहून हे लिहितोय. तापातच उठून आई त्यांच्याजवळ बसलीय.

जात्मिको